बॅटरीचा ताप बघणाऱ्या मावशी

आमच्या घरमालकीण मावशी बॅटरीला हात लावायच्या तो तळहाताने नव्हे, हाताच्या पाठीने. तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावतात तसा. डोळे मिटून थोडा वेळ थांबायच्या आणि मग निकाल द्यायच्या, "कसकस हाय अजून. राहू दे."

मग माझ्या इलेक्ट्रिक स्कूटरची ती बॅटरी अंगणातल्या फरशीवर तशीच पडून राहायची. मला कितीही घाई असो. "माणूस उन्हातून आला का त्याले दारातच ताट वाढते का कोनी? आधी बसू देते, पानी देते. इले बी बसू दे, मंग जेवू घाल."

चार्जिंगला त्या जेवण म्हणायच्या. जेवण अंगणातच, कपडे धुवायच्या दगडाशेजारी, उघड्या फरशीवर. खोलीत नाही, जिन्यात नाही, दारात तर नाहीच नाही. आणि बॅटरी जेवत असली की मावशी प्लॅस्टिकची खुर्ची टाकून समोर बसलेल्या. अंबाडीची भाजी निवडायच्या, पण डोळा तिकडे. चार्जरचा दिवा हिरवा झाला की लगेच हाक. "ये गा, उठव इले ताटावरून. पोट भरल्यावर बी खातच राहिलं का अजीर्ण होते."

आज त्या गल्लीत जाऊन विचारलं तर लोक सांगतील की त्या बाईनं जिभेनं स्वतःचं घर जाळलं. म्हणून हे लिहायला बसलो आहे. मी काही लिहिणारा नाही. शाळा आठवीत सुटली. पण मी त्या घरात राहिलो आहे आणि जळताना ते बघितलं आहे.

मी सांगलीकडचा. आमच्या भागातली गावंच्या गावं गलाईच्या धंद्यात आहेत. गलाई म्हणजे सराफाकडचं जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करून द्यायचं काम. कोणी केरळात गेला, कोणी बंगालात. माझ्या वाट्याला नागपूर आलं, इतवारीतला एक बोळ आणि त्या बोळातली भट्टी. एकटा होतो तोवर दुकानाच्या माळ्यावरच झोपायचो. लग्न झालं, लेक झाली, मग दोघींना आणलं आणि खोली शोधायला लागलो, तेव्हा कळलं की आपल्या कपड्यांना अ‍ॅसिडचा वास येतो. आम्हाला येत नाही, सवय झालेली. घरमालकांना दारातच यायचा. "फॅमिलीवाल्यांचं घर हाय, भाऊ" म्हणायचे. मग मी काय, फॅमिली घेऊन उभा नव्हतो?

मावशींनी माझी बाही धरली, नाकाला लावली आणि विचारलं, "आगीपाशी काम करते का?"

"हो."

"भेव वाटते?"

खोटं बोलावं की खरं, कळेना. म्हटलं, "रोज वाटतं."

"मंग राय. ज्याले आगीचं भेव नाही त्याले मी खोली देत नाही."

माझ्या भित्रेपणाचं कौतुक जन्मात पहिल्यांदा कोणीतरी केलं होतं. आमच्याकडे भित्र्या पोराला गलाईला पाठवत नाहीत, मला पाठवलं ते दुसरं काही जमत नव्हतं म्हणून. त्या दिवशी बायको खोलीत चूल मांडायची जागा बघत होती आणि मी बाहेर दगडावर बसून रडलो. मावशींनी बघितलं. फक्त पाण्याचा तांब्या ठेवून गेल्या.

त्यांची ती हाताची पाठ लावायची रीत सावनेरची. त्यांचे मालक तिथल्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठींवर होते. कापसाच्या गाठीत ठिणगी शिरली तर गाठ बाहेरून दिवसेंदिवस पांढरी राहते आणि आत निखारा चालत असतो. म्हणून रचून ठेवलेल्या गाठींवरून मालक हाताची पाठ फिरवत जायचे. "तळवा कामानं मरून गेला राहते," मावशी सांगायच्या. "पाठ जिती राहते. पाठीले समजते." एकदा अशीच विझवून बाजूला ठेवलेली गाठ परत पेटली. विझली असं समजून मालक तिच्या आडोशाला डबा खायला बसले होते. एवढं सांगून मावशी कामाला लागायच्या. पुढचं मी कधी विचारलं नाही. भिंतीवर मालकांचा हार घातलेला फोटो होता, त्यावरून काय ते समजायचं.

तेव्हापासून मावशींचा विझलेल्या वस्तूवर विश्वास नव्हता. काडेपेटीची जळलेली काडीसुद्धा पाण्यात बुडवून मग टाकायच्या. आणि बॅटरी आली तेव्हा त्यांनी तिला पहिल्या भेटीतच ओळखलं. म्हणाल्या, "हे गाठच हाय. वरून थंडी, आत कोनाले मालूम काय हाय."

पण त्यांना सगळं समजत होतं असंही नाही. त्यांच्या नियमांपैकी काही शहाण्याचे होते आणि काही अगदीच येड्याचे, आणि कुठला कोणत्या पोत्यातला हे आम्हाला सांगता यायचं नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात लू लागू नये म्हणून लोक खिशात कांदा ठेवतात. मावशी स्कूटरच्या सीटखाली बॅटरीशेजारी कांदा ठेवायच्या. एप्रिल लागला की रोज सकाळी जुना कांदा काढून ताजा ठेवलेला असायचा. मी म्हटलं, "मावशी, कांद्यानं काय होतं?" तर म्हणाल्या, "तुले ठेवून काय होते? तरी ठेवते ना?" मोबाइल चार्जिंगला असताना पंखा लावू द्यायच्या नाहीत, वारं लागून आग भडकते म्हणून. आम्ही घामाघूम व्हायचो. पण दुसऱ्याचा चार्जर लावला की त्यांचा जो आवाज चढायचा, तो नियम मात्र खरा होता, हे मला पुढं कळलं. प्रत्येक चार्जरला त्यांनी ज्याच्या त्याच्या रंगाचा दोरा बांधला होता. माझ्या बायकोनं एकदा शेजारच्या खोलीतला चार्जर आणून लावला, तर मावशी दारात उभ्या. "काहून वं, नवरा बी असाच कोनाचाबी चालते का तुले?" बायको लाजून पार कपाटामागे.

उशाखाली मोबाइल ठेवून झोपणारा माणूस त्यांच्या मते उशाखाली साप घेऊन झोपायचा. शेजारच्या खोलीत एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका एकटेच राहायचे. त्यांच्या फोनची पाठ फुगली होती. काकांनी तिला रबर लावून दाबून बसवली आणि फोन वापरत राहिले. मावशींना दिसलं. त्यांनी सांडशी आणली, चुलीवरचं भांडं उतरवतात तसा तो फोन उचलला आणि अंगणाच्या कोपऱ्यात रेतीच्या बादलीत नेऊन ठेवला.

काका मागे मागे. "अवो बाई, माह्या नातवाचे फोटो हाये त्याच्यात!"

"फोटो हाये म्हनूनच ठेवून राहिली. तू राहिला तर नातू पुन्हा फोटो पाठवीन."

काकांनी अबोला धरला. संध्याकाळी मावशींनी स्वतःचा फोन त्यांच्या हातात ठेवला, "लाव नातवाले" म्हणाल्या. नंतर तो फोन त्यांच्याकडेच राहिला. मावशींना फोन आला की काका हाक मारायचे आणि त्या पदराला हात पुसत यायच्या. असं ते घर होतं.

आणि परात.

आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी, बरोबर आम्ही जेवायला बसलो की, मावशी अंगणात उभं राहून पितळी परात बडवायच्या. उलथन्याने. कानठळ्या बसायच्या. परात वाजली की घरातल्या प्रत्येकाने होता तसा बाहेर यायचं, दार मागं ओढून घ्यायचं आणि समोरच्या कडुलिंबाखाली उभं राहायचं. हातात काहीही आणायचं नाही. "रिकाम्या हातानं निघा! रिकाम्या हातानं!" हे त्यांचं ओरडणं समोरच्या गल्लीपर्यंत जायचं.

पहिल्या वेळी मी कपड्यांची पेटी घेऊन निघालो. कंडक्टर काका तिकिटं पंच करायची जुनी मशीन गळ्यात अडकवून आले. मावशींनी त्यांना नखशिखांत बघितलं. "एसटी जळून राहिली आन् तू तिकीट फाडते का बे?" काका हसता हसता खोकायला लागले. माझी बायको लेकीला कडेवर घेऊन आली, तिला वाटलं तिलाही बोलणी बसणार. मावशी म्हणाल्या, "लेकरू सामान नाही वं. लेकरू आनाचं." आणि माझ्या हातातली पेटी काढून घेऊन आत फेकली. "ह्याच्यात तुह्या बायकोचा जीव हाय का? नाही ना? मंग कायले आनली?"

गल्लीतली पोरं जमायची टाळ्या वाजवायला. मावशींचं नाव त्यांनी फायर ब्रिगेड ठेवलं होतं. समोरच्या घरातल्या काकू मात्र हसायच्या नाहीत. त्या फाटकाशी येऊन सांगायच्या, "मावशी, भरल्या घरात असं जळलं जळलं म्हनू नये. वास्तू तथास्तु म्हनते."

मावशींचं उत्तर ठरलेलं. "माह्या बापानं दीक्षा घेतली त्याच दिवशी आमच्या घरातून वास्तुपुरुष निघून गेला, बाई. आता परत आला तर मी त्याले खोली देत नाही."

काय टाळी पडायची या वाक्याला! मी त्या वेळी हसणाऱ्यांत होतो.

मावशींचा मुलगा वरच्या मजल्यावर राहायचा. बायको, एक लहान मुलगा. प्लॉट विकायच्या धंद्यात होता, बोलायला गोड, माझ्याशीही गोडच. आईचा त्याला राग होता असं नाही, त्याला आईची लाज वाटायची. वरच्या मजल्याला मागच्या बाजूने मावशींनी लोहाराकडून एक लोखंडी शिडी बसवून घेतली होती, स्वयंपाकघराच्या बाहेरून थेट अंगणात उतरणारी. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा, "हे पाहा, चोरासाठी जिना. आमच्या आईनं बसवला." गिऱ्हाइकं हसायची.

नातवाच्या वाढदिवसाला वर मंडप होता. सुनेच्या माहेरची माणसं, मुलाच्या ऑफिसातली माणसं. योगायोगाने तो सुट्टीचा दिवस, आणि मावशींनी जेवणाच्या वेळी परात वाजवली. पाहुणे घाबरून ताटं टाकून उठले. कोणी पुरणाच्या हातानेच बाहेर पळालं. मुलगा खाली उतरला, आईच्या हातातून परात घेतली आणि आम्हा भाडेकरूंच्या देखत म्हणाला, "आजच्या दिवशी तरी शुभ बोल ना, आई. पोट्ट्याचा वाढदिवस हाय. तू जळन्याचीच गोष्ट काहून करते?"

परात तो वर घेऊन गेला. ती खाली आली नाही. मावशींनी मागितलीही नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याने इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. मावशींनी एकदाच सांगितलं, "खाली अंगनात जेवू घालत जा तिले." तो म्हणाला, "कोन रोज उचलून आनीन? वर हॉलमध्ये पॉइंट हाय ना." हॉल म्हणजे जिना जिथे उघडतो ती खोली. बॅटरी सोफ्यावर, दाराला लागून. मावशी परत बोलल्या नाहीत. त्यांनी बोलणं सोडलं ते तिथूनच असं मला वाटतं. त्या फक्त सकाळी वर जाऊन बॅटरीशेजारी एक कांदा ठेवून यायच्या. मुलगा तो गॅलरीतून अंगणात फेकायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा कांदा, पुन्हा फेकणं. एकमेकांशी ते दोघं एवढंच बोलायचे. धुण्याच्या दगडाजवळ ओल असायची, तिथं त्या कांद्यांना हिरवे कोंब आले. माझी लेक त्यांना पाणी घालायची.

मे महिन्यातली दुपार. दुकानाला सुट्टी. मी बाजेवर पडलो होतो. मावशींचा मुलगा बाहेरून आला, उन्हात लांब जाऊन आला असणार, कारण स्कूटरच्या सीटला हात लावला तर चटका बसत होता. बॅटरी काढून वर गेला. त्याचा जुना चार्जर बिघडला होता, बाजारातून दुसराच कुठला तरी आणला होता. ते मला नंतर कळलं, पंचनाम्याच्या वेळी. बॅटरी सोफ्यावर लावली आणि अंघोळीला गेला.

आधी आवाज आला. कुकरची शिट्टी अडकावी तसा. मावशी खाली पोहे निवडत होत्या. त्यांनी मान वर केली, नाक ओढलं आणि ताट बाजूला ठेवलं. परात तर वर होती. त्यांनी धुण्याची बादली उपडी केली आणि दगडाने बडवायला लागल्या. "निघा! रिकाम्या हातानं! मांगून निघा, मांगून!"

जिन्यातून पांढरा धूर खाली यायला लागला होता, ढगासारखा, लोळतच. त्या बाजूने कोणी वर जाऊ शकत नव्हतं आणि कोणी खाली येऊ शकत नव्हतं. सून मागच्या दारातून पोराला घेऊन बाहेर आली आणि चोरासाठी बसवलेल्या त्या जिन्यावरून उतरली. मी अर्ध्यावर जाऊन पोराला घेतलं. मागून ओल्या अंगाने, टॉवेलवर मुलगा उतरला. खाली पाय टेकले आणि त्याला काहीतरी आठवलं. तो परत फिरला. "कागदं हाये आत! प्लॉटची कागदं!"

मावशींनी त्याला मागून धरलं. टॉवेल हातात येईना म्हणून केसाला धरलं. तो मोठा दांडगा गडी, आई हाडाची काडी, पण त्यांनी शिडीच्या दांडीला पाय अडकवला आणि सोडला नाही. तो ओरडत होता, "सोड! दोन बादल्या पान्याचं काम हाय, सोड मले!" त्यांनी मूठ आणखी आवळली. वरून काच फुटल्याचा आवाज आला आणि हॉलच्या खिडकीतून आगीची जीभ बाहेर आली, तेव्हा कुठे तो ढिला पडला.

आगीचा बंब आला. आग विझली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बंबवाल्यांनी बॅटरीचा जळका सांगाडा अंगणात आणून टाकला, तर थोड्या वेळाने तो पुन्हा फुसफुसला आणि पेटला. टाळ्या वाजवणारे मागे पळाले. मावशींनी कोणालाही सांगितलं नाही की बघा, मी म्हणत होते. माझ्या लेकीला कडेवर घेऊन त्या कडुलिंबाखाली उभ्या होत्या. सगळे मोजले, सगळे होते. त्यांच्या तोंडावर त्या वेळी जे होतं त्याला मी आनंदच म्हणेन. घर जळालं होतं आणि बाई आनंदात होत्या. तेच लोकांनी बघितलं असावं.

दुसऱ्या दिवशी अंगणात नातेवाईक जमले. सुनेचे वडील, मुलाचे काका, समोरच्या काकू. मी एका बाजूला उभा होतो. काकूंनी सुरुवात केली, "मी किती खेपा सांगतलं होतं. रोज जळलं जळलं म्हटलं तर वास्तू एक दिवस आयकतेच." मला वाटलं, आता मावशी वास्तुपुरुषाला खोली न देण्याचं बोलतील. सगळ्यांना तसंच वाटलं असणार, कारण सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

पण बोलला तो मुलगा. काळ्या पडलेल्या खिडकीकडे बघत बोलला. "आई, तूच बोलून बोलून आनलं हे घरात. आन् विझवाले गेलो तं तूच धरून ठेवलं. दोन बादल्यात विझलं असतं."

"मी?" मावशी म्हणाल्या.

एवढंच. मला राहवलं नाही. परक्या मुलखात मी सहसा तोंड उघडत नाही, तरी म्हणालो, "भाऊ, बॅटरी उन्हातून आणून तशीच लावली होती तुम्ही. चार्जरही तिचा नव्हता. त्या शिडीमुळं तर—"

"तू भाडेकरू हाय ना?" सुनेचे वडील शांतपणे म्हणाले. "मंग भाडेकरूसारखा राय ना, बापा."

कंडक्टर काका माझ्या बाजूने बोलायला उठले, तर त्यांना खोकला आला. तो थांबेपर्यंत विषय बदलला होता.

मावशींकडे मी बघितलं. ज्या बाईला वास्तुपुरुषाचंसुद्धा भेव नव्हतं ती स्वतःच्या मुलाच्या तोंडाकडे बघत होती, आणि हळूहळू, अगदी माझ्या डोळ्यांसमोर, तिला ते खरं वाटायला लागलं. ते कसं दिसतं हे मला सांगता येणार नाही. भट्टीतल्या मुशीत चांदी बराच वेळ चांदीसारखी दिसते आणि मग एका क्षणी आकार सोडते, तसं काहीसं.

घर बिल्डरला द्यायचं ठरलं. आम्हाला खोल्या सोडायला सांगितलं. मावशींना सावनेरच्या पलीकडे एका खेड्यात लेकीकडे पाठवायचं ठरलं. ठरवलं कोणी, ते मला माहीत नाही. त्यांना विचारलं नव्हतं, एवढं माहीत आहे. गाडी दारात आली तेव्हा त्या नेसत्या लुगड्यावर बाहेर आल्या. माझी बायको त्यांच्या साड्यांची पिशवी आणि मालकांचा फोटो घेऊन मागे धावली. "मावशी, पिशवी राहिली."

"ठेव वं. जळत्या घरातून रिकाम्या हातानं निघा लागते."

"घर तर विझलंय, मावशी."

"वरून," त्या म्हणाल्या आणि गाडीत बसल्या. पिशवी आणि मालकांचा फोटो आमच्याकडेच राहिले.

हिवाळ्यात ती पिशवी आणि फोटो द्यायला मी गेलो. बस, मग ऑटो, मग पायी. लेक-जावई शेतकरी, माणसं वाईट नाहीत. कापूस निघाला होता, भाव येईपर्यंत घरातच ठेवला होता. पुढची खोली आढ्यापर्यंत पांढरी, एका माणसापुरती वाट. त्या वाटेवर दाराला लागून जावयाची इलेक्ट्रिक स्कूटर, आणि कापसाला टेकून चार्जिंगला लावलेली बॅटरी. तिच्याशेजारी बाजेवर मावशी. अंग चोरत मी आत गेलो.

त्यांनी मला ओळखलं. लेक कशी हाय विचारलं. काका कसे हाय विचारलं. फोटो मांडीवर घेतला, पदराने पुसला. खूप वाळल्या होत्या. मी म्हणालो, "मावशी, हे काय? कापूस आहे, एकच दार आहे, तुम्ही सांगत कशा नाही यांना?"

त्यांनी ओठावर बोट ठेवलं. आढ्याकडे बघितलं, कापसाकडे बघितलं, आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "बोलू नको गा. घर आयकते."

 तेव्हा दिसलं की त्यांचा डावा हात पदराखालून बाजेच्या कडेवरून खाली गेला होता. हाताची पाठ बॅटरीला लावलेली होती. किती वेळची, कोण जाणे. मी माझा हात शेजारी लावला. कसकस नव्हती, ताप होता. मी प्लग ओढून काढला, बॅटरी उचलली आणि अंगणात मोकळ्या जागी नेऊन ठेवली. परत आत आलो तर आतल्या खोलीतून जावई आला होता, चहाची कपबशी हातात. हसूनच म्हणाला, "अरे, कोनं काढली इथली बॅटरी?"

मी उत्तर देणार, त्याच्या आत मावशी बाजेवरून उठल्या. फोटो छातीशी धरलेला, दुसरा हात जोडल्यासारखा पुढे केलेला.

"मी काही नाही बोलली, जवाईबापू," त्या म्हणाल्या. "इचारा याले. मी एक शब्द नाही बोलली."